मॅकार्डी बेटावरचं गाऱ्हाणं

पटलं तर घ्या, नाहीतर द्या सोडून. पण माझ्या केरूमामासमोर याला थाप म्हणू नका. तो अंगावर येईल.

साल दोन हजार सहा. सौदीतला दम्मामचा समुद्र. आणि रात्र नव्हती...

भर दुपार होती.

तिथल्या एका उथळ जागेला इंग्रजांच्या जुन्या नकाशात मॅकार्डी नावाच्या कुणा पुढाऱ्याचं नाव दिलेलं. तो गोरा विलायतेत भाषणं ठोकत मेला. ही जागा त्याने जन्मात बघितली नाही. पुढे मामाच्या कंपनीने तिथंच वाळू ओतून बेट करायला घेतलं. नाव तेच ठेवलं.

ड्रेजर, म्हणजे वाळू उपसणारा बोटीवरचा पंप, समुद्राच्या तळाची वाळू ओढायचा, जाड पाइपातून बेटावर फेकायचा. बेटावरचा पंप मामाकडे. पाइपाच्या तोंडाशी उदय. मामाच्या गावचा, तुळसाबाईचा एकुलता एक. मामानेच त्याला नेलेला.

एका संध्याकाळी उदय पाइपाकडे गेला...

परत आलाच नाही.

कंपनी म्हणाली, पळाला.

"चारी बाजूंना पाणी. लाँच एकच. पळाला कुठनं?" मामा विचारायचा.

इंजिनियर विजयकुमार वर न बघताच म्हणायचा, "केरू, खलास. काम करो."

गावाहून तुळसाबाईचा फोन. "केरू, माझा पोर चोर हाय काय रे? पळंल कशाला तो?"

मामाची खात्री होती, पोर पाइपाच्या वाळूखाली गाडला गेलाय. त्याला एकच हवं होतं. वाळू उकरा. पोराला बाहेर काढा. त्याच्यावरचा डाग पुसा.

कुणी फावडं उचललं नाही.

आठवडा गेला. मग मामा म्हणाला, गाऱ्हाणं घालू. आमच्याकडे कोकणात नव्या जागेत तिथल्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण मागणं बोलतो, बाकीचे "होय म्हाराजा" म्हणतात. या बेटावर कुणी घातलंच नव्हतं.

"कालची वाळू ही. हिला कुठला आलाय राखणदार?" मामासोबत काम करणारा राजापूरचा कादिर म्हणाला. पण टोपी नीट करून उभा राहिला.

जेवणाची सुट्टी. पंप बंद. दोघं पाइपाच्या तोंडाशी उभे. वारासुद्धा पडलेला...

नारळ कुठला मिळायला? मामाने मूठभर खजूर ठेवले.

"बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा." कादिर. एकटाच.

"ज्या गोऱ्याचं नाव लावलंय तो काय राखणीला येत नाय. तू जो कोण असशील तो... आमच्या उदयला दाखव."

कादिरने तोंड उघडलं...

त्याच्या आधीच आवाज आला.

"होय म्हाराजा."

पायाखालून.

कादिर मागे सरकला. मामा गुडघ्यावर बसला.

"उदय?"

"होय म्हाराजा..."

दबलेला. तोंडात वाळू भरल्यासारखा. पण उदयचाच.

मामा हातांनी उकरायला लागला. बोटं सोलली. ते बघून विजयकुमार शिव्या देत धावत आला.

"साब, दो मिनट. सुनो आप." मामा वाळूवर वाकला. "उदय, हितंच हायस ना बाबा?"

"होय म्हाराजा."

विजयकुमारचा चेहरा पांढरा पडला. त्याने ऐकलं. मामा आजही शपथेवर सांगतो, त्याने ऐकलं.

"साब, खोदने दो."

साहेबाने मामाकडे बघितलं. वाळूकडे बघितलं.

मग चालत गेला... आणि स्वतःच्या हाताने पंप चालू केला.

वाळू आली. कादिरने मामाला ओढून काढला नसता, तर तोही खालीच गेला असता. त्याच आठवड्यात कंपनीने मामाला विमानात बसवलं.

आता बेटावर बंगले झालेत म्हणे. नाव मॅकार्डीचंच. गावात उदय अजून पळालेलाच.

एकदा मीच मामाला विचारलं, "तो बोलायचा थांबला कधी?"



"पंपाचा आवाज केवढा असतो तुला ठाव नाय," मामा म्हणाला. "त्यात काय ऐकू येतंय?"

त्या दिवसापासून मला झोप लागत नाही...

कारण थांबला असं मामा म्हणालाच नाही.