जांभळदिव्याचं पाणी

कुसुमटेकच्या विहिरी आटून एक पिढी लोटली होती. आता गावाची तहान भागत होती ती कोंबड्या कापणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यावर. ते पाणी आधी गाळलं जाई, मग जांभळदिव्यांखालून वाहत जाई आणि काळ्या, झाकणबंद कॅनमधून घरोघरी पोचे. हे दिवे डॉ. चित्रलेखा आगाशे यांचे. "या प्रकाशात जंतू मरतात," असं त्यांनी भर ग्रामसभेत ठासून सांगितलं, तेव्हा कुठे गाव ते पाणी प्यायला तयार झालं.

खरं म्हणजे जंतू मरत नसत. दिव्याच्या अतिनील किरणांनी जंतूच्या पोटातला वंशाचा धागा तुटे आणि त्याची पिलावळ वाढायची थांबे, एवढंच. पण त्याच जंतूला पुन्हा साधं ऊन मिळालं, तर त्या उजेडाच्या जोरावर तो धागा सांधे आणि नव्यानं कामाला लागे. ही प्रकाशसांधणी होऊ नये म्हणूनच कॅन काळे होते. पण अर्धमेले जंतू पोटात घ्यायला कोण राजी होणार? 'कॅन उघडे ठेवू नका,' एवढंच बाई म्हणाल्या. का, ते त्यांनी सोयीस्करपणे गिळलं.

आता गावातली पोरं जुलाबानं आडवी पडत होती, म्हणून त्या तपासायला आल्या होत्या. गयाबाई सोनकांबळेंच्या अंगणात पाऊल टाकलं आणि त्या जागीच थबकल्या. सकाळच्या कोवळ्या उन्हात पाण्यानं भरलेली पातेली ओळीनं मांडली होती. शेजारच्या अंगणातही तेच.

"हे काय, गयाबाई?"

"तुमीच सांगितलं न्हवं, उजेडानं पानी शुद्ध हुतं म्हून? मागं एका नातवाचं पोट जरा बिघडलं, तवा म्या म्हनलं, आनखी जरा उजेड दिऊ. आता समदी आळी तसंच करती. तरी बी पोरं एकामागं एक आडवीच पडत्यात."

बोलता बोलता गयाबाईंनी त्यातलंच पाणी काचेच्या पेल्यात ओतून पुढे केलं. "घ्या. लांबनं आलाय."

"नको, आज उपास आहे माझा."

"उपासाला पानी चालतं की."

बाईंनी पेल्याला हात लावला नाही. कुंपणाशी जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गयाबाईंचा चेहरा उतरला.

"आमच्या हातचं चालत नसंल, तर तसं सांगा. माझ्या आजीनं लई सोसलंय ते. आता म्या बी सोसंन."

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पाणी वाईट आहे आणि मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. जे पाप त्यांनी केलं नव्हतं, त्याची लाज त्यांना सोसवेना. जे केलं होतं, ते कबूल करवेना. त्यांनी पेला उचलला आणि घटाघटा रिकामा केला.

गयाबाईंचे डोळे भरून आले.

"अगं, डाक्टरीनबाई स्वता प्याल्या!" त्यांनी कुंपणापलीकडे हाळी दिली. "पातेली पार उनात सरकवा! अन् पोरांना दोन वाट्या जास्तीच्या पाजा."