बाळाच्या नजरेच्या उंचीवर

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. तशी बाळंतपणापासून मला प्रत्येक चूक माझीच वाटते, पण ही खरंच माझी.

ठकी सव्वा वर्षाची झाली तरी उभी राहत नव्हती. डॉक्टर म्हणाले, राहील. सासूबाई रोज फोनवर विचारायच्या, "राहिली का गं?" मी पुस्तकांवर पुस्तकं वाचत सुटले. एकात होतं, बाळाच्या खोलीत बघण्यासारखं काही असावं. म्हणून जुन्या छापील चित्रांच्या दुकानातून तीन फ्रेंच चित्रं आणली, मॉडर्न वळणाची. निळी पानं, वाकडी फळं आणि पिवळ्या खुर्चीतली एक बाई. मोजक्या रेषांची. चेहरा कोरा, एक हात खुर्चीवरून खाली सोडलेला.

"घाईत होता वाटतं चित्रकार," नवरा म्हणाला. "तोंड काढायचंच राहिलं."

फ्रेमवाले काका ड्रिल हातात घेऊन थबकले. "ताई, चित्रं नजरेच्या उंचीवर लावतात."

"बाळाच्या नजरेच्या. पुस्तकात तसंच आहे."

"बरं. ही बाई तरी वर घेऊ या…"

"का?"

"उगाच," म्हणाले, आणि मुकाट्यानं तिलाही खालीच लावलं.

आठवड्याभरानं, भर दुपारी, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. बाहेर फ्रिजची घरघर थांबली. खोलीत जुन्या, दमट कागदाचा वास दाटून आला. मान वर केली, तर ठकी उभी! त्या बाईच्या चित्रापाशी, भिंतीला पाठ टेकून, अगदी स्तब्ध. मी आधी फोटो काढला, सासूबाईंना पाठवला, मग तिला उचलून रडले.

लगेच फोन वाजला.

"उभी राहिली गं बाई! पण… हात कोणी धरलाय तिचा?"

"कोणी नाही, आई. मी तर फोटो काढत होते."

"मग तो असा वर का?"

मी फोटो मोठा करून पाहिला. उजवा हात डोक्यावर ताणलेला, मूठ मिटलेली, खांदा उचललेला. मूल ओढून उभं केलं की होतो ना, तसा. आणि टाचा… टाचा जमिनीला टेकलेल्याच नव्हत्या.

चित्र त्याच संध्याकाळी दुकानात परत गेलं.

ठकी आता घरभर चालते. सगळे खूश आहेत. फक्त तिचा उजवा हात वर असतो. दारापाशी ती अंग चोरून थांबते, वर बघते, मग आत येते. "सवय आहे, जाईल," नवरा म्हणतो.

काल मी तिच्या उजव्या बाजूला उभी राहिले आणि म्हटलं, "ये राणी, आईचा हात धर."

ती माझ्याकडे बघून हसली. आणि तिनं मला डावा हात दिला.