उजेड संपतो तिथं

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याच्यावर बेतली तो माणूस आज नगरला सावेडीत राहतो, चांगला धडधाकट आहे, आणि या विषयावर अवाक्षर काढत नाही.

साल १९९४. मार्गशीर्षातले अंधारे दिवस. नेवासे तालुक्यात घोडेगावपासून आत, कालव्याची एक चारी.

प्रवीण भिंगारदिवे त्या चारीवर पाटकरी होता. पाणी सुटलं की दिवस मावळल्यावर चारीच्या कडेनं चालत जायचं, कुणी पाण्याचं लोखंडी दार उचकटलंय का, कुठं चारी फोडलीय का ते बघायचं, हे त्याचं काम. बायको प्रज्ञा आणि लहान मुलगी, तिघं चारीलगतच्या सरकारी खोलीत राहायचे. आजूबाजूला नुसता ऊस. जवळात जवळची म्हणजे आबासाहेबांची वस्ती, तीही हाकेच्या पलीकडे.

भुताखेताचा विषय त्याच्या घरात कधी निघालाच नव्हता. वडिलांनी एकच शिकवलं होतं. शंका आली तर जाऊन बघायचं.

अंधाराला तो भीत नव्हता. भीती होती ती काठीची. पाणी चोरणारे चौघं-पाचजण असायचे, पाटकरी एकटा.

म्हणून त्याला टॉर्चचं वेड लागलं.

खात्याकडून मिळालेली पत्र्याची टॉर्च पायापुरती होती. बाजारातली प्लास्टिकची दिसायला छान, पण दगडावर पडली आणि फुटली. मग त्यानं जाड पितळी नळीची एक निवडली. ती पाण्यात पडली, चिखलात पडली, तरी पेटायची. भंगारातून त्याच मापाची दुसरी आणून त्यानं दोन्ही नळ्या झाळून जोडल्या, म्हणजे जास्त सेल बसतील. बल्ब बदलला. खटका ढिला होता, तिथं स्कूटरचं बटण बसवलं. आरशासारखी वाटी राखुंडीनं घासून लख्ख केली आणि नळीवर सायकलची ट्यूब चढवली.

एका संध्याकाळी त्यानं ती पहिल्यांदा चारीवर मारली.

उजेड सरळ वळणावरच्या बाभळीपर्यंत गेला.

आणि बाभळीखाली कुणीतरी उभं होतं...

पाठमोरं. हात अंगाला चिकटलेले. पांढरट सदरा.

"कोण आहे रे तिकडं?"



प्रवीण चालू लागला. तो माणूसही सरकला. वळून बघितलं नाही, पाय उचलताना दिसले नाहीत. प्रवीण बाभळीपाशी पोचला तेव्हा तो पुढच्या दगडी मोरीपाशी होता.

उसात मघापर्यंत रातकिडे ओरडत होते. आता ते गप्प झाले होते.

सकाळी त्यानं बाभळीखालची माती बघितली. ओली माती. तिच्यावर प्रवीणच्या पावलांशिवाय एकही पाऊल नव्हतं.

दोन-तीन दिवस असंच झालं. शेवटी तो आबासाहेबांच्या वस्तीवर गेला.

"आबासाहेब, बाभळीखाली संध्याकाळी कोण उभं असतं?"

"कोन आसनार? तिथं नुसतं काटं हायेत."

"मी रोज बघतोय. बॅटरी मारली की दिसतो."

आबासाहेब तंबाखू मळायचे थांबले. "आमी बी बॅटरी मारतो की तिकडं. आमाला न्हाई कदी दिसलं." "तुझी लई लांब जाती, व्हय ना? कशाला इतक्या लांबचं बघायचं?"

प्रवीणला ते पटलं नाही. उलट त्यानं आणखी मोठा उजेड करायचं ठरवलं. मोटारसायकलचा हेडलाइट काढला, त्यात हॅलोजन बल्ब बसवला, पत्र्याच्या डब्यात पक्का केला आणि वायर खांद्यावरच्या पिशवीतल्या बॅटरीला जोडली.

हा उजेड बाभळीच्याही पार गेला. बाभळीखाली कुणी नव्हतं.

प्रवीणला हायसं वाटलं.

मग त्यानं झोत उचलला... जिथं उजेड विरत होता, तिथं, चारीच्या दुसऱ्या दारापाशी, तो उभा होता.

या वेळी तोंड इकडं होतं.

सदरा दिसत होता. हात दिसत होते. चेहऱ्यावर मात्र उजेड पडत नव्हता.

त्यानं झोत उसाकडं फिरवला. उसाच्या पार टोकाला तोच. मागं फिरवला. मागेही तोच.

आता प्रवीणला कळलं. तो बाभळीखालचा नव्हता, दाराजवळचाही नव्हता. उजेड जिथं संपतो, तिथं तो उभा राहत होता.

मग लांबच उभा राहू दे, असं प्रवीणनं ठरवलं. रोज बॅटरी भरायची, रोज त्याला दूर ठेवायचं. प्रज्ञाला तो काही बोलला नाही. ती विचारायची, "एवढा उजेड कशाला हो? कालवा काय पळून जातोय?" तो नुसता हसायचा.

मग एक दिवस दुपारीच लाईट गेली. संध्याकाळपर्यंत आली नाही. बॅटरी अर्धीच भरली होती, पण चारीचं दार बंद करायला जाणं भाग होतं.

जाताना सगळं ठीक होतं. परत फिरला आणि झोत पिवळा पडला.

समोर, त्याच्या आणि घराच्या मध्ये, तो उभा होता.

आधी बाभळीपाशी. झोत आणखी मंदावला... तो मोरीच्या अलीकडे आला.

प्रवीण थांबला. थांबला की उजेड आटत होता आणि तो जवळ येत होता. चाललं की तो मागं सरकत होता, पण त्याच्या मागं खोली होती. खोलीत प्रज्ञा होती, लेक होती.

आपणच याला घराकडं हाकत चाललोय.

त्यानं बटण बंद करायला बोट लावलं आणि काढून घेतलं. निदान दिसतोय तरी, असं त्याला वाटलं. उसाचं पानही हलत नव्हतं.

खोलीचं दार उघडलं. प्रज्ञा कंदील घेऊन अंगणात आली.

कंदिलाचा उजेड तो किती. अंगणाच्या कडेपर्यंतही पुरत नव्हता. आणि त्या उजेडाच्या काठावर, प्रज्ञाच्या अगदी समोर, पांढरट सदरा दिसला...

"कंदील विझव," प्रवीण ओरडला. "प्रज्ञा, आधी कंदील विझव. आत जा."

तिनं फुंकर मारली. त्याच क्षणी हेडलाइटही गेला.

काळोख.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. उजेड संपतो तिथं तो असतो. मग आता उजेड कुठंच नाही.

कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हलकेच. धीर द्यावा तसा.

"प्रज्ञा," तो कसाबसा म्हणाला, "आत जा म्हटलं ना."

"मी आतच आहे," लांबून, खोलीतून तिचा आवाज आला. "तुम्ही कुठं आहात?"

खांद्यावरची बोटं आवळली गेली.

तो पळाला. अडखळला, गुडघे फुटले, उंबऱ्यावर आदळला. प्रज्ञानं त्याला आत ओढून कडी लावली. ती काडी ओढायला गेली तर त्यानं तिचा हात धरला. "पेटवू नकोस. नुसती बोलत राहा. तू कुठं आहेस ते मला कळू दे."

प्रज्ञा पहाटेपर्यंत बोलत राहिली. माहेरचं, शाळेचं, लेकीचं, सुचेल ते. बाहेरून दाराला काहीतरी घासत होतं. फार हळू. उजाडल्यावर ते थांबलं.

त्याच आठवड्यात प्रवीणनं बदलीचा अर्ज केला. नगरच्या ऑफिसात टेबलावरचं काम मिळालं. खांद्यावरचा काळा वळ महिनाभर गेला नाही. डॉक्टरनं मुका मार म्हणून मलम दिलं.

ही सगळी हकिकत प्रज्ञाच्या भावानं, तुषारनं सांगितली. प्रवीणला वाटतं, तो फक्त आपल्यालाच दिसला. प्रज्ञानं त्याचा तो समज कधी मोडला नाही. भावाजवळ मात्र ती एकदा बोलली.

त्या संध्याकाळी ती कंदील घेऊन बाहेर आली, ती नवऱ्याला बघायला आली नव्हती. बॅटरीच्या उजेडापुढं एक माणूस चालत येताना तिनं खिडकीतून बघितला होता. नवऱ्यानं कुणी पाहुणा आणला, असं तिला वाटलं.

तिनं अंगणातूनच त्याला म्हटलं होतं, "या ना, आत या."