सिस्टर इमेल्डांसाठी पाहिलेलं क्लेअर

डर्व्हला ट्रॅक्टर घेऊन वळणावर आली, तर रस्त्याच्या जागी तळं पसरलेलं. तळ्यात एक लाल गाडी, आणि गाडीच्या खिडकीवर छत्री धरून गुडघाभर पाण्यात उभा असलेला एक उंच तरुण. आत एक म्हातारी नन आरामात थर्मासमधला चहा पीत होती.

"इथे रस्ता होता हो!" तरुण ओरडला.

"अजूनही आहे. पाण्याखाली," डर्व्हला म्हणाली. "कॉर्कचे का?"

"बोलण्यावरून ओळखलंत?"

"नंबरप्लेटवरून. आणि धोक्याची पाटी उडवून सरळ आत शिरलात, त्यावरून."

दोन दिवस पाऊस लागला की इथे जमिनीखालचं पाणी वर येतं आणि कुरणाचं तळं होतं. आठवड्याभरात तेच पाणी गुपचूप परत खाली निघून जातं. हे क्लेअर परगण्यातल्या वासरांनाही ठाऊक असतं, कॉर्क शहरातल्या इंजिनिअरांना नसतं. या तरुण इंजिनिअरचं नाव लॉर्कन. गाडी ओढायला साखळी लावताना तो दोनदा घसरला, आणि दोन्ही वेळा आधी स्वतःच हसला. डर्व्हलाला ते आवडलं... पण तिने तसं दाखवलं नाही.

गाडीतली नन, सिस्टर इमेल्डा, त्याच्या आईची मावशी. जन्म क्लेअरमधला, सगळं आयुष्य झांबियात मुलींना शिकवण्यात गेलं, आणि आता डोळे चालले होते. "कडेकडेचं दिसतं गं, नेमकं मधलं दिसत नाही," त्या हसत म्हणाल्या. "म्हणून याला घेऊन माझं क्लेअर बघायला आले. पण याला विचारलं, समोर काय आहे, तर म्हणतो—दगड! पोरी, तू इथलीच ना? उद्या चल आमच्याबरोबर."

डर्व्हला नाही म्हणणार होती. गाई होत्या, वडिलांचं कंबरेचं दुखणं होतं, भाऊ ऑस्ट्रेलियाला गेल्यापासून गोठा तिच्याच गळ्यात होता. पण लॉर्कन छत्रीतलं पाणी झटकत म्हणाला, "या ना. मला खरंच 'दगड' सोडून काही सुचत नाही हो." आणि ती हो म्हणून बसली.

दुसऱ्या दिवशी ते आधी जुन्या मठात गेले. छप्पर कधीच गेलेलं, भिंती पावसाने काळ्या झालेल्या. डर्व्हलाने सिस्टरांचा हात धरून खांबावर नेला. "इथे बघा, फुलं कोरलीयत. ही पाकळी. ही घंटेसारखी. कोरणाऱ्याने रानातून आणून समोर ठेवली असणार." बोलता बोलता ती थबकली. लहानपणी ती इथेच लपाछपी खेळायची. त्यानंतर कितीतरी वर्षं ती या दारावरून नुसती ट्रॅक्टर हाकत गेली होती.

"देवाचे उपकार," सिस्टर पुटपुटल्या. त्या दिवशी त्या सगळ्यांचेच उपकार मानत होत्या: खांबाचे, लोणी लावलेल्या ब्रेडचे, आडव्या आलेल्या मेंढ्यांचेसुद्धा.

माळावर खडकांच्या भेगांतून रानफुलं उमलली होती. लॉर्कन चक्क पोटावर पालथा पडला.

"निळं आहे, मावशीआजी."

"कसलं निळं? नीट सांग!"

त्याने नाक फुलाला टेकेल इतकं खाली नेलं. मग हळूच म्हणाला, "आत कुणी दिवा लावून विसरून गेल्यासारखं."

डर्व्हलाने वळून पाहिलं. त्याच्या नाकाला चिखल लागला होता.

"बरं जमलं की," ती म्हणाली.

"मास्तरीण चांगली मिळाली."

"नाक पुसा आधी."

"कुठे? इथे?"

"तिथे नाही... अहो, इकडे—" तिने बाहीनेच त्याचं नाक पुसलं, आणि मग दोघंही उगाच ढगांकडे बघत राहिले.

सर आली तेव्हा सिस्टरांना गाडीत बसवून ती दोघं एकाच रेनकोटखाली बांधाला टेकून उभी राहिली. तिथे त्याने सांगितलं. जूनमध्ये तो कॅनडाला चालला होता, पुलांच्या कामावर. सगळं ठरलं होतं.

"छान," डर्व्हला म्हणाली. "सगळे जातातच. जा तुम्ही... जा तू."

संध्याकाळी ते समुद्राकाठी पोहोचले. पाऊस थांबला होता, ओले खडक रुप्यासारखे चमकत होते. सिस्टर दगडावर बसल्या. "लॉर्कन, शेवटचं सांग आता. समोर काय दिसतंय?"

लॉर्कन समुद्राकडे पाठ करून उभा होता.

"एक मुलगी आहे," तो म्हणाला. "केस ओले... कपाळाला चिकटलेत. चिडली की डावी भुवई वर जाते. आता गेलीय. काल तिने मला पाण्यातून ओढून काढलं आणि तेव्हापासून मला कुठेच जावंसं वाटत नाहीये."



"आणि तुला गं?" सिस्टरांनी शांतपणे विचारलं. "तुला काय दिसतंय?"

डर्व्हलाने कपाळावरचे केस मागे सारले. "एक माणूस. कान लालभडक झालेत. त्याला थांब म्हणायचा मला हक्क नाही, सिस्टर. इथे चिखल आहे, गाई आहेत, एक हट्टी म्हातारा बाप आहे. पण आज मी माझं गाव इतक्या वर्षांनी पाहिलं. त्याच्यामुळे, तुमच्यामुळे. उद्या ती गाडी इथून गेली तर... मला परत काहीच दिसायचं नाही."

लॉर्कन पुढे आला. पण हात धरायचं धाडस होईना.

"उद्या वासरांना औषध पाजायचंय," ती त्याच्या बुटांकडे बघत म्हणाली. "एकटीला आवरत नाहीत ती."

"किती वाजता येऊ?"

"सहाला. आणि कॅनडा?"

"सहाला वासरं," तो म्हणाला. "तिकडे उजाडलं की कॅनडाला फोन. येत नाही म्हणून."

तेव्हा तिने मान वर केली आणि आपणहून त्याचा गार, ओला हात हातात घेतला.