ताईने उभी केलेली जान्हवी

हे कोणाला सांगायचं नाही, असं ताईने मला बजावून ठेवलं होतं. तरी लिहितेय. कारण आता गप्प राहिले, तर इतके दिवस गप्प राहणारी मीच होते, हे कोणाला कळणार?

आम्ही मुलुंडला राहतो, तिसऱ्या मजल्यावर, तीनशे दोनमध्ये. मागच्या खिडकीतून डोंगर दिसतो. दुपारी सोसायटीत इतकं सामसूम असतं की वरच्यांचा पंखासुद्धा ऐकू येतो. बाबा बोटीवर असतात. घरात आई, मी आणि माझी मोठी बहीण ऋतिकाताई. ताईची कंपनी सोसायट्यांसाठी ॲप बनवते आणि ती बहुतेक घरूनच काम करते.

त्या दुपारी मी तिला चहा द्यायला गेले होते. ती टेस्ट लिहीत होती. मी विचारलं तेव्हा तिने समजावून सांगितलं. ॲपमध्ये कंट्रोलर नावाचा एक भाग असतो. लॉग-इन कोणी केलंय हे तो आधी बघतो आणि मगच पुढचं पान उघडतो. तो नीट चालतो का, हे तपासताना खऱ्या माणसाला लॉग-इन करायला लावत नाहीत. एक खोटं माणूस उभं करतात. त्याला मॉक म्हणतात. कंट्रोलरला फक्त सांगायचं, की ही बघ, ही आत आलीय. तो विश्वास ठेवतो.

स्क्रीनवर माझं नाव होतं.

"तुझंच टाकलंय," ताई म्हणाली. "नाव, फ्लॅट नंबर आणि घरातलीच आहे, एवढंच तिला शिकवलंय."

"आणि दुसरं काही विचारलं तर?"

"तर काही नाही. गप्प. अगदी तुझ्यासारखीच गं."

ती हसली, मीही हसले. मग बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा ताईला माझे डोळे दिसले असावेत. तिने मला जवळ बसवलं, आणि जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते मी तिला सांगितलं. मधल्या सुट्टीत मला कोणी बाकावर सरकून जागा देत नाही. मी डबा गच्चीच्या जिन्यात बसून खाते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर वॉचमन भीमराजकाका माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, आत्ताच तर वर गेलीस ना तू? मला वाटलं, त्यांची चूक झाली असेल. वर आईने दार उघडलं आणि वैतागून विचारलं, आता परत कुठे गेली होतीस? घावनांबरोबर चटणी करू की गूळ देऊ, हे ती मला दोनदा विचारून थकली होती म्हणे. मी म्हणे नुसती पॅसेजमध्ये उभी होते. "हो-नाही तरी म्हणत जा गं बाय," आई म्हणाली. तिला त्यात नवल काहीच वाटलं नव्हतं. पॅसेजमध्ये मात्र वास येत होता, लॅपटॉप खूप तापल्यावर येतो तसा. ताईचा लॅपटॉप तर तिच्या खोलीत बंद होता.

मी ताईला सांगितलं. तिने आधी माझी खेचली. मग माझ्या समाधानासाठी खोटी जान्हवी टेस्टमधून काढून टाकली. आता आत कोणीच नाही, म्हणजे कंट्रोलरने पान उघडता कामा नये, ती म्हणाली. तिने टेस्ट चालवली. पान उघडलं. आधीच्या टेस्टमधलं काहीतरी मागे राहिलं असेल, असं पुटपुटत तिने सगळं पुसलं आणि पुन्हा चालवली.

पुन्हा उघडलं.

"आत कोणीतरी आहे, असंच म्हणतंय हे..." ताई हळूच म्हणाली.

तेव्हाच पॅसेजमध्ये चप्पल वाजली. मी उजवा पाय जरा ओढत चालते. तसाच आवाज. आई देवळात गेली होती. आवाज ताईच्या खोलीच्या बंद दारापाशी येऊन थांबला, आणि दाराच्या फटीतून तो तापल्याचा वास आत आला.

"कोण आहे?" ताईने विचारलं.

"जान्हवी." माझाच आवाज होता.

"कुठली?"

"तीनशे दोन."

"आत कशी आलीस?"

"मी घरातलीच."

ताईने माझा हात घट्ट धरला. "मग सांग... काल तू मला काय सांगितलंस?"

पलीकडे काहीच नाही. श्वाससुद्धा नाही. पण ती शांतता विसरलेल्या माणसाची नव्हती. कान देऊन ऐकणाऱ्याची होती. मला ते सहन झालं नाही. खरी मी आहे हे ताईला कळावं म्हणून मी तिच्या कानात म्हणाले, "जिन्यात बसून डबा खाते ते..." ताईने झटकन माझ्या तोंडावर हात दाबला. उशीर झाला होता. चप्पल वळली आणि पाय ओढत दूर गेली.

ताईने त्या टेस्ट कायमच्या काढून टाकल्या. मला म्हणाली, तिला शिकवू तेवढंच येतं, तेव्हा आता मनातलं कोणाला म्हणजे कोणालाच सांगू नकोस. आईलासुद्धा नाही. मी पाळलं. आधीच थोडं बोलायचे, ते जेवढ्यास तेवढं करून टाकलं. ताईला हल्ली रोज अंधेरीच्या ऑफिसात बोलावतात. ती अंधार पडल्यावर येते.

काल मी क्लासहून आले, तर आईचे डोळे ओले होते. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. म्हणाली, बरं झालं दुपारी बोललीस. जिन्यात बसून जेवतेस, आणि मला इतके दिवस पत्ता नाही. माझ्या मांडीवर डोकं ठेवून किती रडलीस.

दुपारी मी शाळेत होते.

आई इतकी खूश मी कधी बघितली नव्हती. लेक बोलायला लागली, असं ती फोनवर मावशीला सांगत होती. मला ओरडून सांगायचं होतं, की ती मी नव्हे. आई म्हणाली, झालं, परत गप्प?

म्हणून हे लिहितेय. आज आई आली की सगळं सांगणार आहे, ताई काहीही म्हणो. डबा, जिना, बाबांची येणारी आठवण, सगळं, माझ्या तोंडून. आत्ता लॅच वाजलं. आई स्वयंपाकघरातून हाक मारतेय, "जान्हवी, ये गं, बस माझ्याजवळ." मी उठतेच आहे... पण आई हसली. म्हणतेय, "अगं, इथेच आहेस होय? मला वाटलं खोलीत कोणीतरी..." आता कडी लावल्याचा आवाज आला. स्वयंपाकघराची कडी आतून लावली. मला जायला हवं, आत्ताच, नाहीतर आई तिला