ढवळायला कोण येतंय?

आमच्या घरात माणसं सात आणि आतून कडी लागणारी दारं दोन. एक न्हाणीघराचं, तिथं पाच मिनिटांच्या वर रमलं की जाऊबाईंचा शाळकरी मुलगासुद्धा बाहेरून चौकशी सुरू करतो. दुसरं काळ्या खोलीचं. तळमजल्यावर आमचा स्क्रीन प्रिंटिंगचा कारखाना आहे, म्हणजे दोन टेबलं, कपडे वाळवायच्या दोऱ्या आणि सासरे. त्याच्या मागे ही खोली: खिडकीला जाड काळे पडदे, एक पिवळा दिवा, एक जुना फ्रीज. आत काम चालू असलं की बाहेर पाटी अडकवायची. मग त्या दाराला यमसुद्धा हात लावत नाही. उजेडाची एक तिरीप आत शिरली की दिवसभराचं काम पाण्यात.

कारण इमल्शन. सायीसारखा दाट, शेवाळी रंगाचा लेप असतो तो. ताणलेल्या जाळीवर, म्हणजे स्क्रीनवर, पातळ ओढायचा, अंधारात वाळवायचा, मग वर चित्राची फिल्म ठेवून दिवा लावायचा. उजेड लागेल तिथं लेप टणक होतो. चित्राच्या काळ्या भागाखाली कच्चा राहतो आणि पाण्याने धुऊन निघतो. त्याच वाटेने पुढे शाई उतरते. हे सगळं मला बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी शिकवलं. दोन मुलगे पोटचे, पण धंद्यात हात बसला तो धाकट्या सुनेचा. हे ते जेवताना सगळ्यांसमोर बोलून दाखवत आणि मग मला पुढचे दोन दिवस भाजीत मीठ जास्त लागे. स्वयंपाक थोरल्या जाऊबाईंकडे.

लेप तयार करायचा तर पावडरच्या बाटलीत गार पाणी घालून हलवायचं, ते डब्यात ओतायचं आणि अर्धा तास सावकाश ढवळायचं. एकाने डबा धरायचा, एकाने ढवळायचं. नंतर बुडबुडे बसेपर्यंत डबा तसाच ठेवायचा. बाबांचा नियम होता: डब्याला नंबर, पुढे तारीख, पुढे ढवळणारे कोण ते. "माल बिघडला तर माणूस सापडला पाहिजे." ती वही माझ्या ताब्यात.

अर्धा तास, बंद दार, दोन माणसं. एवढं भांडवल मिळाल्यावर सात जणांचं घर काय करेल? "ढवळायला कोण येतंय?" असं जाऊबाई जिन्यातून ओरडल्या की समजायचं, त्यांना नवऱ्याशी काहीतरी बोलायचंय. सासूबाई तर एकट्याच जायच्या, डबा गुडघ्यांत धरून, फोन पालथा ठेवून बहिणीशी बोलत. आमच्याइतकं घोटलेलं इमल्शन गावात कुणाकडे नसेल.

पहिला प्रकार शिंप्याच्या पिशव्यांवर झाला. कात्रीचं चित्र आणि दुकानाचा पत्ता, एवढंच काम. चाळीस पिशव्या छापून झाल्यावर बाबांनी चष्मा वर केला.

"ही खालची ओळ कुणी घातली?"

पत्त्याखाली बारीक अक्षरं होती: *तिला काही सांगू नकोस, ती लगेच आईंकडे जाते.*

फिल्म पाहिली. तिच्यावर ओळ नव्हती. काच पुसली, कोपरे तपासले. जुन्या छपाईची सावली कधीकधी जाळीत राहते. पण जाळी कोरी करकरीत होती. अक्षरं छापील नव्हती आणि कुणाच्या हातचीही वाटत नव्हती. वाफ धरलेल्या काचेवर बोटाने काढावीत तशी.

शिंपी मात्र खूश. "राहू द्या हो. गिऱ्हाईक थांबून वाचतं."

मला 'ती' कोण हे वाचताक्षणी कळलं. जाऊबाईंनाही मला कळल्याचं कळलं. त्या दिवशी भाजी अळणी होती.

दुसऱ्या वेळी व्यायामशाळेचे शर्ट होते. पाठीवर वजन उचलणारा पहिलवान आणि त्याच्या पायाशी: *गुडघा कधीच बरा झालाय, पण घरात बोलू नकोस.*

सासूबाईंनी शर्ट हातात घेतला, वाचला, नीट घडी घातली आणि तरातरा जिना चढून गेल्या. वर पोचल्यावर त्यांना लंगडायचं आठवलं.

"कुणीतरी चेष्टा करतंय," बाबा म्हणाले.

मी वही काढली. शिंप्याची स्क्रीन डबा अठरामधली. ढवळणारे, थोरले दीर आणि जाऊबाई. पहिलवानाची डबा एकोणीसमधली, ढवळणाऱ्या, सासूबाई.

मग वीस नंबरापुढचं वाचलं. मंगळवार, दुपारी दोन. ढवळणारे: मी आणि माझा नवरा.

आम्ही काय बोललो ते मला शब्दाशब्दाने आठवत होतं. पुलापलीकडे दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. निघायची तारीखही ठरली होती. राहिलं होतं फक्त बाबांना सांगणं, आणि ते आम्ही महिनाभर एकमेकांवर ढकलत होतो. ज्या माणसाने मला हात धरून लेप ओढायला शिकवलं, त्याला ही बातमी शर्टावरून कळावी?

मी खाली धावले. सामान हलवणाऱ्या कंपनीचे दोनशे शर्ट होते, चार रंग, चार स्क्रीन. डबा वीस. चारही स्क्रीनना दिवा दाखवून झाला होता आणि बाबा पाण्याचा पाइप उलगडत होते.

"बाबा, मी धुते. तुम्ही वर चहा घ्या."

"आत्ताच घेतला."

"मग अजून एक घ्या."

"तुला काय झालंय गं?" म्हणाले, पण पाइप दिला आणि स्टुलावर बसले. गेले नाहीत.

पहिली स्क्रीन धुतली. ट्रकची चाकं. बाकी काही नाही.

दुसरी. ट्रक. तिसरी. कंपनीचा फोन नंबर.

मला जरा हायसं वाटलं. चौथीवर पाणी सोडलं. चित्राभोवतीची चौकट उमटली आणि तिच्याखाली लेप आपणहून विरघळू लागला.

*पहिल्या तारखेला निघायचं.*

मी पाइप बंद केला. पाणी थांबलं. अक्षरं थांबली नाहीत.

*बाबांना तू सांग. तुझं ऐकतात.*

ही ओळ नवऱ्याची. स्टूल सरकल्याचा आवाज झाला. बाबा माझ्या खांद्यामागे उभे होते. मी आडवी उभी राहिले, पण स्क्रीन माझ्याहून रुंद होती.

"बाबा, मी आज सांगणारच होते—"

"थांब." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "ही तिसरी कुणाची?"

मी वळून पाहिलं. त्या दोन ओळींच्या खाली, तशाच अक्षरांत:

*मला पण न्या.*

"आत कोण कोण होतं?"

"आम्ही दोघंच."

"दार?"

"आतून कडी."

बाबांनी काळ्या खोलीकडे पाहिलं. पाटी अडकवलेली होती. आत्ता आत कुणाचंच काम नव्हतं.

मला वाटलं, आता बोलतील, एवढं शिकवलं ते यासाठी का. ते बोलले ते हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

"पहिली तारीख कशाला? रविवारीच जा."

"बाबा, रागावू नका."

"रागावलो नाही गं. तुम्हाला आज ना उद्या जायचंच होतं, मी काय आंधळा आहे?" त्यांनी ओळीवर चिकटपट्टी लावली, वर आणखी एक लावली. "पण ते एवढं मागतंय, तर न्या बापडं. इथं आधीच गर्दी आहे."

रविवारी आम्ही निघालो. जाऊबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि दुसऱ्या हाताने आमच्या कपाटाचं माप घेतलं. सासूबाई निरोप द्यायला दोन जिने उतरून आल्या, न लंगडता. मी जुना एकही डबा घेतला नाही. जाळीचा तुकडा, चमचा, काही नाही. बाबा पैशाचं पाकीट देऊ लागले. मी वहीची उरलेली कोरी पानं मागितली, त्यांनी तीही दिली नाहीत. "नवी घे," म्हणाले.

आठवड्याने त्यांचा फोन आला. तिथल्या स्क्रीन स्वच्छ निघत होत्या, एक अक्षर जास्त नाही. "घर कसं अगदी मोकळं झाल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. तिथं अजून पाच माणसं राहतात.

इथं मी नवं इमल्शन आणलं, नव्या दुकानातून. भर दुपारी पडदे ओढून, दार लावून एकटीने ढवळलं, डबा दोन पायांत धरून, ओठ मिटून. नवऱ्याला बाहेर पाठवलं. चाचणीसाठी फिल्मच ठेवली नाही. कोऱ्या स्क्रीनला पुरती दहा मिनिटं उजेड दिला. एवढ्या उजेडात लेप दगड होतो.

मग धुतली.

मधोमध काही नव्हतं. खाली उजव्या कोपऱ्यात दोन शब्द होते, एकमेकांना खेटून, दाटीवाटीने बसल्यासारखे.

*सगळे आलो.*