डॉ. तांडेल यांचा शोकप्रस्ताव

विधानसभेत नौदल-शास्त्रज्ञ डॉ. रघुवीर तांडेल यांच्यावरचा शोकप्रस्ताव सुरू होता. तांडेलांना जन्मात कधी न भेटलेले एक सदस्य, "रघुभाऊंचा आणि आमचा घरोबा होता," असे सांगत डोळे पुसत होते. सागरश्रवण केंद्रातल्या पडद्यावर हे पाहताना डॉ. हेमांगी खोत यांचे डोके भणभणू लागले.

"मृतदेह नाही, पाणबुडीचा तुकडा नाही, आणि श्रद्धांजलीची एवढी घाई कशाला?" त्यांनी केंद्रप्रमुख कमोडोर नाडकर्णींना विचारले.

"घाई कसली? तुमच्याच सागरकर्णाने निकाल दिलाय."

सागरकर्ण म्हणजे समुद्रतळावर पसरलेले श्रवणजाळे, तांडेलांच्या साऱ्या आयुष्याची मेहनत. प्रत्येक माणसाच्या हृदयाच्या ठोक्यांची ठेवण वेगळी असते आणि पाण्यातून ती दूरवर ओळखता येते, हे त्यांनी सिद्ध केले होते. परक्या हृदयाची चाहूल लागली की केंद्रात घंटा वाजे. तेच तांडेल एकट्याने छोटी पाणबुडी घेऊन चाचणीला गेले आणि संपर्क तुटला. जाळ्याने सारा किनारा धुंडाळला. त्यांचा एकही ठोका नोंदवला नाही.

"म्हणजे एकतर हृदय थांबलं," नाडकर्णी म्हणाले, "नाहीतर ते जाळ्याच्या हद्दीबाहेर, परमुलखात पोचलं. डॉक्टर, फितुरापेक्षा हुतात्मा परवडला."

हेमांगी चपापल्या. म्हणजे वरच्यांना संशय होता, आणि तो झाकायला हा शोक! पाणबुडीतली हवा आज संध्याकाळपर्यंत पुरणार होती. प्रस्ताव मंजूर झाला की शोध थांबणार. ज्यांनी हाताला धरून आपल्याला हे शास्त्र शिकवले, ते फितूर होतील हे त्यांना कदापि पटत नव्हते. विश्वास नव्हता तो समोरच्या माणसावर.

सभागृह उठून उभे राहिले. दोन मिनिटे मौन झाले. सदस्य खाली बसताच नाडकर्णींनी सागरकर्णाच्या स्मृतीतून तांडेलांच्या हृदयाची ओळख काढून टाकली. मृताच्या ओळखीचा शत्रूने गैरवापर करू नये म्हणून तसा नियमच होता.

त्याच क्षणी घंटा वाजली. नकाशावर तांबडा ठिपका उमटला. खोल घळीत एक परके हृदय, मंद, पण चालू.

"घुसखोर!" नाडकर्णींनी फोन उचलला. "पाणतीर सोडायला सांगतो."

"थांबा!" हेमांगींनी त्यांचा हात धरला. "आपले पाणबुडे उतरले की उगाच घंटा वाजायची, म्हणून सरांनी जाळ्याला काय शिकवलं होतं? आपल्या माणसाचं हृदय ऐकू आलं तरी नोंदवायचं नाही. शोधताना ती गाळणी काढायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा!"

"पण हे तांडेलच कशावरून?"

"ओळख परत घाला. घंटा थांबली तर सरच."

साशंक नजरेने त्यांच्याकडे पाहत नाडकर्णींनी कळ दाबली. घंटा थांबली. ठिपका मावळला. हेमांगींना रडू कोसळले.

"बचावनौका सोडा!" नाडकर्णी फोनवर ओरडले. "आणि विधानसभेला कळवा, डॉक्टर तांडेल जिवंत आहेत. प्रस्ताव मागे घ्या म्हणावं."

"इतक्यात नको, साहेब," हेमांगी डोळे पुसत म्हणाल्या. "प्रवाहात पाणबुडी सरकतेय. नौका पोचेपर्यंत ठिपका दिसत राहायला हवा. आधी सरांना पुन्हा मेलेलं करा, लवकर!"